एकाच नोझलचे दोन रिपोर्ट, दोन आकडे. खरा कोणता धरायचा?

हिंगणा_टर्नर | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, तीन माणसं आणि चौथा मी. गेली नऊ वर्षं फवारणीची नोझल बनवतो, जास्त करून संत्र्याच्या बगीच्यात चालणाऱ्या ब्लोअरची, पोकळ शंकूवाली. पितळेची बॉडी आणि आतली भोवरा प्लेट घरची, पुढची सिरॅमिकची चकती बाहेरून आणतो. भोक १.२ मिमी.

इतकी वर्षं गिऱ्हाईक यायचं, पाण्यावर नोझल चालवून पाहायचं, "धुई चांगली पडते" म्हणायचं आणि माल घेऊन जायचं. यंदा एका ब्लोअर जोडणाऱ्या पार्टीनं थेंबाच्या आकाराचा रिपोर्ट मागितला. मी एका प्रयोगशाळेत नोझल पाठवलं. १० बार दाबाला १३१ मायक्रॉन आलं, म्हणजे मिलिमीटरचे १३१ हजारावे भाग. पार्टीनं त्याच लॉटमधला नग स्वतः दुसरीकडे तपासून आणला. तिथे १४८. आता म्हणतो, "भाऊ, एक तर तुमचा माल एकसारखा नाही, नाहीतर रिपोर्ट खोटा आहे." अर्धं पेमेंट अडकवून ठेवलंय.

आमच्याकडे शाफ्ट दोघांनी मोजला आणि २ मायक्रॉनचा फरक आला, तर मी मोजणाऱ्याला झापतो. इथे १७ चा फरक, आणि दोन्ही रिपोर्टवर सही-शिक्के. तरी चकती मी परत पाहिली. पिन गेज लावून दहा नग तपासले, भोकं चोख आहेत.

चैन पडेना म्हणून घरीच दोन उद्योग केले. पाणी लागलं की पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो, त्याची पट्टी दीड मीटरवर धरली, ६०० डीपीआयला स्कॅन केली, डाग मोजले. सरासरी ३००! म्हणजे तिसराच आकडा. मग पुतण्याचा कॅमेरा आणला, मागे बटर पेपर, त्याच्या मागे फ्लॅश. फोटोत थेंब नाहीतच, नुसत्या शेवया.

तर विचारायचं हे की १३१, १४८ आणि ३०० यातलं खरं कोणतं? आणि पार्टीला काय सांगू?

---

काटोलचा_बगीचावाला | मंगळवार, सकाळी ६:१५

भाऊ, मायक्रॉन-बियक्रॉन मले समजत नाही. माझा हिशोब सोपा आहे. कोळशीसाठी फवारतो तेव्हा औषध पानाच्या मागच्या बाजूला बसलं पाहिजे, किडा तिथेच असते. जाड थेंब पडला की पानावरून घरंगळते आणि खाली आळ्यात जाते. लय बारीक केलं की शेजाऱ्याच्या बगीच्यात जाते, नाहीतर माझ्या नाकात. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली, ते आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून आमचा गडी तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय ब्लोअरजवळ जात नाही. दुपट्ट्यानं कितीसं अडते ते राहू द्या.

तुमच्या पार्टीला म्हणा, एक दिवस बगीच्यात येऊन पाह्य.

---

बावीस_वर्षं_लेसर | मंगळवार, दुपारी १:०५

टर्नरभाऊ, मी निवृत्त माणूस. अर्धं आयुष्य अंधाऱ्या खोलीत स्प्रे मोजण्यात गेलं, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे. आधी दोन्ही रिपोर्टची मागची पानं काढा. पहिल्या पानावरचा आकडा जाहिरातीसाठी असतो, माहिती मागे असते. एवढं पाहून सांगा:

मोजलं कशानं? लेसर डिफ्रॅक्शन की फेज डॉप्लर? नोझलपासून किती अंतरावर? किरण शंकूच्या आरपार गेला, की एका बिंदूवर मोजलं? आणि १३१ नि १४८ यांच्यापुढे काय लिहिलंय? डी ३२, की डीव्ही ०.५? (थेंबांचा आकार एका आकड्यात सांगायच्या या दोन निराळ्या रीती.) चौथ्या प्रश्नावर माझा जास्त संशय आहे.

तोवर तुमच्या कागदाचा निकाल लावू. थेंब कागदावर आपटला की पसरतो. डाग साधारण थेंबाच्या दुपटीच्या आसपास भरतो. नेमकं किती ते थेंबाच्या आकारावर आणि द्रावणावर ठरतं. म्हणून ३०० चा डाग म्हणजे ३०० चा थेंब नाही. शिवाय ६०० डीपीआयला स्कॅनरचा एक ठिपकाच ४२ मायक्रॉनचा असतो, त्याखालचं तुम्हाला दिसलंच नाही. त्यात अगदी बारीक थेंब कागदावर आपटतही नाहीत. हवा पट्टीला वळसा घालून जाते आणि ते हवेबरोबर निघून जातात. पानावर औषध कुठे-कुठे बसलं हे पाहायला तो कागद फर्स्ट क्लास आहे, काटोलकरांनी जरूर वापरावा. आकाराचा दाखला म्हणून धरू नका. आणि पावसाळ्यात बोलूच नका, दमट हवेनंच निळा पडतो.

---

हिंगणा_टर्नर | मंगळवार, रात्री १०:२०

सर, मागची पानं काढली आणि डोकं धरून बसलो.

पहिला रिपोर्ट: लेसर डिफ्रॅक्शन, अंतर ३० सेंमी, किरण शंकूच्या मधून आरपार. १३१ च्या पुढे डीव्ही ०.५.

दुसरा रिपोर्ट: फेज डॉप्लर, अंतर १५ सेंमी, अक्षापासून बाजूला ११ सेंमीवर एकच बिंदू. १४८ च्या पुढे डी ३२!! खाली बारीक अक्षरात डीव्ही ०.५ वेगळा दिलाय, तो १७६.

म्हणजे फरक १७ चा नाही, ४५ चा निघाला. पार्टीला हे अजून कळलेलं नाही. सांगू की नको?

---

बावीस_वर्षं_लेसर | बुधवार, सकाळी ११:३०

सांगा. त्याला पुढेमागे कळेलच, मग तुम्ही लपवलं असं होईल.

आता एकेक धागा सोडवू. डीव्ही ०.५ म्हणजे असा आकार की निम्मं पाणी त्याहून लहान थेंबांत आणि निम्मं मोठ्या थेंबांत. डी ३२ म्हणजे सगळ्या फवाऱ्याचं घनफळ आणि पृष्ठफळ यांचं जे गुणोत्तर, तेच गुणोत्तर असलेला एक थेंब. इंजिनवाल्यांना तो आवडतो, कारण इंधनाची वाफ पृष्ठभागावरून होते. एकाच फवाऱ्यात डी ३२ हा डीव्ही ०.५ पेक्षा लहानच येतो. पार्टीनं किलोची मापाशी तुलना केली, एवढंच.

उरला १३१ आणि १७६ चा प्रश्न. त्यासाठी ही यंत्रं बघतात कशी, ते घ्या. थंडीत चष्म्यावर वाफ धरते आणि रस्त्यावरच्या दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात ना? काचेवरच्या बारीक थेंबांनी प्रकाश वाकवला, त्याची ती कडी. थेंब जितका बारीक तितकं कडं मोठं. डिफ्रॅक्शन यंत्र हेच करतं. लाल हेलियम-निऑन लेसर घेतला, ६३२.८ नॅनोमीटरचा, तर १०० मायक्रॉनच्या थेंबाचं पहिलं काळं कडं जेमतेम ०.४४ अंशावर पडतं, १० मायक्रॉनचं ४.४ अंशांवर. मागे अर्ध्या मीटरची लेन्स असेल तर पडद्यावर पहिलं केंद्रापासून ४ मिमीच्या आत, दुसरं जवळपास ३९ मिमीवर. कड्यांसारखेच गोल सेन्सर लावायचे, कोणत्या गोलावर किती उजेड पडला ते पाहायचं आणि उलटं गणित करून आकारांची वाटणी काढायची. थेंब किरणात कुठेही असला तरी लेन्समुळे त्याचं कडं एकाच जागी पडतं, ही त्यातली गंमत. पण लेन्सपासून फार लांबच्या बारीक थेंबाचा प्रकाश इतका फाकतो की लेन्सच्या कडेबाहेर जातो आणि तो थेंब हिशोबातून गळतो. फवारा फार दाट असला की एका थेंबानं वाकवलेला प्रकाश दुसरा पुन्हा वाकवतो, मग यंत्राला थेंब आहेत त्याहून बारीक वाटतात.

फेज डॉप्लरचा प्रकार निराळा. दोन लेसर किरण एका टिचभर जागेत एकमेकांना छेदतात, तिथे उजेड-अंधाराच्या पट्ट्या तयार होतात. एकेक थेंब त्या पट्ट्यांतून जातो आणि लुकलुकतो. किती भरभर लुकलुकला त्यावरून वेग कळतो. बाजूला दोन-तीन डोळे बसवलेले असतात. एकाला ते लुकलुकणं दुसऱ्यापेक्षा किंचित उशिरा दिसतं, त्या फरकावरून व्यास. १९८४ मध्ये बखालो आणि हाउझर यांनी ही पद्धत मांडली तेव्हापासून स्प्रेवाल्यांचा तो लाडका आहे. थेंबागणिक आकार आणि वेग दोन्ही मिळतात. मात्र थेंब गोल हवा, आणि प्रकाश त्याच्या आरपार जाऊन येणार असेल तर द्रव पारदर्शक हवा. औषधाचं दुधासारखं पाणी घेतलंत की ते यंत्र रुसतं. डिफ्रॅक्शनला दुधाचं तितकं वावडं नाही.

आता कळीचा मुद्दा. वर्धा रोड डोळ्यासमोर आणा. नाक्यावर उभं राहून तुम्ही तासाभरात जाणारी वाहनं मोजली. समजा सायकली १०० आणि गाड्या १००. सायकल ताशी १२ किलोमीटरनं चालते, गाडी ४८ नं. त्याच वेळी वरून कोणी ड्रोननं रस्त्याचा फोटो काढला तर त्यात एका गाडीमागे चार सायकली दिसतील, कारण सायकल रस्त्यावर चौपट वेळ रेंगाळते. नाकेवालाही खरा, ड्रोनवालाही खरा.

बारीक थेंब म्हणजे सायकली. नोझलमधून सगळे एका वेगानं सुटतात, पण हवा बारक्यांना लगेच अडवते. डिफ्रॅक्शन यंत्र ड्रोनसारखं, किरणात त्या क्षणी जे आहेत ते सगळे पाहतं. म्हणून तिथे बारक्यांचा भरणा जास्त आणि आकडा कमी. फेज डॉप्लर नाक्यावर उभा राहून एकेक मोजतो.

त्यात तुमचा शंकू पोकळ. मधल्या पोकळीत हवेनं ओढलेले बारीक थेंब, कडेला जाड. दुसऱ्यांनी मोजलं ते १५ सेंमीवर ११ सेंमी बाजूला, म्हणजे नेमकं कडेवर, जाड थेंबांच्या गर्दीत. पूर्ण शंकू बिंदूबिंदूनं फिरून मोजायला हवा होता आणि प्रत्येक बिंदूला तिथून जाणाऱ्या पाण्याच्या मानानं वजन द्यायला हवं होतं. एका बिंदूला पैसे कमी लागतात, म्हणून लोक तेवढंच करून घेतात.

---

पीएचडी_लटकलेला | बुधवार, रात्री १२:५०

सरांनी सगळं सांगितलंय, मी फक्त शेवयांबद्दल बोलतो, कारण पहिलं वर्ष मीही शेवयाच काढल्या.

दोष कॅमेऱ्याचा नाही, फ्लॅशचा आहे. साधा फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेवला तरी सेकंदाच्या २०,००० व्या भागाच्या आसपास उजेड देतो, म्हणजे ५० मायक्रोसेकंद. थेंब सेकंदाला १५ मीटर पळत असेल तर तेवढ्यात पाऊण मिलिमीटर सरकतो. १५० मायक्रॉनच्या थेंबाची त्याच्या पाचपट लांब शेवई! फुल पॉवरला तर विचारूच नका.

प्रयोगशाळेत यासाठी नॅनोसेकंदवाला लेसर लावतात. तुम्ही जोरदार एलईडी घ्या, मॉसफेटनं (करंट झटपट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) एक-दोन मायक्रोसेकंदांचा झटका द्या. एवढ्याशा वेळात एलईडीला नेहमीपेक्षा बराच जास्त करंट सोसतो. खोली पूर्ण काळोखी करा, कॅमेऱ्याचं शटर अर्धा सेकंद उघडं ठेवा आणि तेवढ्यात एकच झटका. बटर पेपर काढून टाका, उजेड खातो. एलईडीपुढे साधं भिंग ठेवून प्रकाश सरळ लेन्समध्ये येऊ द्या. नोझलपासून जरा लांब जा, तिथे थेंब मंदावलेले असतात. ५ मीटरच्या वेगाला २ मायक्रोसेकंदांत १० मायक्रॉनच सरकतील, चालून जाईल.

माप धरायला फोकसमध्ये माहीत असलेल्या जाडीची तार ठेवा. आणि एक फसवणूक लक्षात असू द्या: मोठा थेंब थोडा फोकसबाहेर असला तरी दिसतो, बारका तेवढ्यात विरून जातो. त्यामुळे नुसते मोजत सुटलात तर जाडांचं पारडं जड होतं. दुसरं म्हणजे ४०० मायक्रॉनच्या एका थेंबात १०० चे ६४ मावतात. दोनशे थेंब मोजून डीव्ही ०.५ काढलात तर एक जाडा आला-गेला की आकडा उडी मारेल. हजारोंनी मोजावे लागतात. माझं लटकलंय ते तिथेच.

---

हिंगणा_टर्नर | पुढच्या आठवड्यात, रविवार, रात्री ११:१५

काल रात्री गोडाऊनमध्ये केलं. शटरच्या फटींना गोणपाट लावलं. जुन्या वायरमधली तांब्याची एक तार काढली, स्क्रू गेजवर भरली ०.१० मिमी, ती फोकसला बांधली. पहिल्या पन्नास फोटोंत काळोख. मग लक्षात आलं की झटका शटर उघडायच्या आधीच जातोय. ते जमलं तर लेन्सवर पाणी. आमचा गडी छत्री धरून उभा, म्हणे, "मालक, फवारा आपलाच, अन् भिजतोही आपणच."

रात्री दीडला पहिला स्वच्छ फोटो आला. मी नऊ वर्षं हा माल बनवतो पण त्यातला थेंब कधी पाहिला नव्हता. उजळ पडद्यावर काळे गोल, प्रत्येकाच्या मध्ये पांढरा ठिपका. तारेच्या जाडीचे काही, तारेच्या दीडपट-दुप्पट काही. एक तर अजून तुटायचाच होता, मधे बारीक कंबर असलेला, डंबेलसारखा. फेज डॉप्लरला गोल थेंब का लागतो, ते तिथे कळलं.

मग नोझल सरकवत गेलो. शंकूच्या मधे तारेहून बारीक थेंब, तेही विरळ. कडेला आलो की एकदम जाड आणि दाट. सर, तुम्ही म्हणाला तसंच. आकडा मी काढणार नाही, तीनशे-साडेतीनशे थेंबच हाती लागलेत. पण तो फोटो पार्टीला पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "फोटो छान आहे. पण आकडा कोणता?"

---

बावीस_वर्षं_लेसर | सोमवार, सकाळी १०:००

फोटो झकास. आता पार्टीचा बंदोबस्त करू. यंत्रागणिक आकडे हलतात हे फवारणीवाल्यांना फार आधी उमगलं, म्हणून त्यांनी आकड्याऐवजी वर्ग ठरवले. अमेरिकेतलं एस ५७२ हे मानक १९९९ चं, आणि आता आयएसओ २५३५८ आहे, २०१८ चं. युक्ती साधी आहे. ठरलेली संदर्भ नोझल ठरलेल्या दाबाला त्याच यंत्रावर मोजायची. पंख्यासारखं फवारणारं ११००१ हे ४.५ बारला 'अति बारीक' आणि 'बारीक' यांच्यामधली रेघ. ११००३ हे ३ बारला 'बारीक' आणि 'मध्यम' यांच्यामधली. तुमचं नोझल कोणत्या दोन रेघांमध्ये पडतं, ते पाहायचं. यंत्र दहा टक्के कमी दाखवत असेल तर रेघाही कमी दाखवेल, वर्ग बदलत नाही.

दोन्ही ठिकाणी तुमच्या नगासोबत ही दोन नोझल पाठवा. अंतर सारखं ठेवायला सांगा, आणि फेज डॉप्लरवाल्यांना एक बिंदू नको, पूर्ण फेरी मागा.

---

काटोलचा_बगीचावाला | सोमवार, दुपारी ३:३०

अन् साध्या पाण्यावर मोजून काय होते? आम्ही काय पाणी फवारतो काय?

---

बावीस_वर्षं_लेसर | सोमवार, संध्याकाळी ५:१०

बरोबर पकडलंत. तेलकट औषधाचं दूध झालं की पंख्यासारख्या फवाऱ्यात पाण्याचा पडदा लवकर फाटतो आणि थेंब जाड होतात. चिकटद्रव्य घातलं की आणखी निराळं. पाणी सगळ्यांना सारखं मिळतं म्हणून तुलना पाण्यावर करतात, एवढंच. जमलं तर टर्नरभाऊंनी एकदा डिफ्रॅक्शनवर तुमच्या औषधाचं मिश्रण चालवून पाहावं, अर्थात प्रयोगशाळेनं आत घेऊ दिलं तर. आम्ही घेऊ द्यायचो नाही, लेन्स पुसून हात दुखायचे.

---

हिंगणा_टर्नर | पाच आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:४५

मंडळी, उशीर झाला, तारीखच मिळत नव्हती. दोन्हीकडे ३० सेंमीवर मोजून घेतलं. डीव्ही ०.५ देतो.

डिफ्रॅक्शन: ११००१ चा ११२, माझं १३०, ११००३ चा १९२.

फेज डॉप्लर, पूर्ण फेरी: ११००१ चा १२९, माझं १५१, ११००३ चा २२१.

दोन्हीकडे माझं नोझल त्याच दोन रेघांमध्ये. वर्ग 'बारीक'. सरांनी सांगितलेलं वर्धा रोडचं उदाहरण मी पार्टीच्या ऑफिसात कागदावर सायकली काढून समजावलं. पार्टी स्वतः मानेवाड्याहून रोज गाडीनं येते, पटकन पटलं. अडकलेलं पेमेंट काल जमा झालं. औषधाच्या मिश्रणाला दोघांनीही नाही म्हटलं.

उठताना पार्टीनं विचारलं, "मग डब्यावर काय छापू?" म्हटलं, "बारीक." तर म्हणे, "नुसतं बारीक पाहून कोण घेते बाप्पा? लोकांना आकडा लागते." शेवटी १३० छापायचं ठरलंय. मी म्हटलं, निदान खाली बारीक अक्षरात कशावर मोजलं ते तरी टाका. त्यावर हसला आणि चहा मागवला.

एलईडीचा झटका देणारं सर्किट कोणाला हवं असेल तर सांगा, पुतण्या काढून देईल.